शिपायाच्या बायकोची फी

१९४४ साली दोन सरकारांनी शिक्षणासाठी पैसा बाजूला काढला. एक दिल्लीत, एक वॉशिंग्टनला. दुसरं महायुद्ध चाललेलं होतं आणि दोन्ही सरकारांना माणसं लागत होती. ह्या दोन पैशांची गोष्ट मला लिहायची आहे, कारण त्या वाटेनं मला एका बाईपर्यंत पोचायचं आहे. लढायांच्या इतिहासात ती सापडत नाही. ती शिपायाची बायको.

दिल्लीचा पैसा आधी. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढं ठेवलं, आणि त्यात शिक्षणाच्या पैशाची रोखठोक मागणी होती. त्यातून मॅट्रिकच्या पुढं शिकणाऱ्या अस्पृश्य पोरांना शिष्यवृत्ती निघाली, सालीना तीन लाख रुपये. १९४४ पासून सुरू. आज आपण जिला भारत सरकारची स्कॉलरशिप म्हणतो, जिच्यासाठी समाजकल्याणच्या दारात चपला झिजवतो, ती हीच. आता त्या फॉर्मलाही बापाच्या जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतोच, तो आणताना किती वेळा जावं लागतं हे मी सांगायला नको. पण पैसा विद्यार्थ्याच्या नावावर. पोरगा असो की पोरगी. लग्न झालेलं असो की नसो.

वॉशिंग्टनचा पैसा २२ जून १९४४ चा. त्या दिवशी रूझवेल्टनं एका कायद्यावर सही केली, त्याला लोक जी.आय. बिल म्हणतात. जी.आय. म्हणजे अमेरिकन शिपाई. लढून परत आला की कॉलेजची फी सरकार भरणार, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत. शिवाय खायला-राहायला महिन्याचा भत्ता. कॉलेज नको असेल तर धंदेशिक्षण घे, शेतीचं शिक्षण घे. सुमारे ७८ लाख शिपायांनी ह्या कायद्याखाली शिक्षण घेतलं, त्यातले २२ लाखांच्या आसपास कॉलेजात गेले. खाणीतल्या माणसाचा पोरगा इंजिनेर झाला. अमेरिकेचा मध्यमवर्ग ह्या कायद्यानं उभा केला असं तिकडचे इतिहासकार म्हणतात, आणि आकडे बघितले तर ते खोटं नाही.

पण हा पैसा शिपायाचा. घरच्या बाईचा काय?

अमेरिकेत शिरण्याआधी आपल्या घरात एकदा डोकावू. आपल्या लोकांचा पलटणीशी संबंध जुना. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार होते, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला होते, हे आपण दर साली सांगतो. पण पलटणीनं आपल्याला काय दिलं असं विचारलं तर आपली पोरं तलवारीचंच सांगतात. बाबासाहेबांनी त्याहून वेगळं लिहून ठेवलंय. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या लेकरांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलगे आणि मुली दोघांनाही, आणि त्या शिक्षणानं अस्पृश्यांना नवी नजर आली, असं त्यांचं म्हणणं. गावात आपल्या पोरानं पाटी धरली तर बोटं छाटायला निघणारी व्यवस्था, आणि छावणीत पाटी धरायचीच असा हुकूम. रामजी सुभेदार लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. बाबासाहेब जन्मले ते १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत. भीमाबाईंचं माहेर मुरबाडकर, तेही पलटणीतलंच घराणं, वडील सुभेदार-मेजर. म्हणजे पलटणीतल्या घरची मुलगी पलटणीतल्याच घरात सून म्हणून जायची. ज्या छावणीत मुलीला शाळा होती, तिथून निघालेली पोरगी पुढं शिपायाची बायको झाली तेव्हा ती अक्षर घेऊन गेली असणार. हा माझा अंदाज, पण वेडा अंदाज नाही.

१८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ होतं, त्या यादीत आपण बसलो नाही. ज्यांनी इंग्रजांना राज्य मिळवून दिलं त्यांनाच इंग्रजांनी दार लावलं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीचे पेन्शनर, त्यांनी दापोलीहून १८९४ साली अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. नुसती नोकरी गेली असती तर एवढे अर्ज झाले नसते. भरती गेली म्हणजे छावणी गेली, आणि छावणीबरोबर पोरीची शाळा गेली. १९१७ साली पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली, आणि लढाई सरल्यावर १९२१ ला मोडली. पुन्हा दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला महार रेजिमेंट. ती आजही आहे, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला.

वर्दीवर आलेली शाळा वर्दीबरोबर जाते, हे आपल्या आज्यांनी सोसलं. अमेरिकेत हीच गोष्ट कायद्याच्या कलमांत, तारखेसकट आणि डॉलरच्या आकड्यांसकट नोंदून ठेवलेली आहे. म्हणून तिकडं बघायचं.

१९४४ च्या कायद्यात एकट्या शिपायाला भत्ता महिना ५० डॉलर, आणि पदरी कुणी अवलंबून असेल तर ७५. म्हणजे बायकोची किंमत पंचवीस डॉलर. पुढच्या साली भत्ते वाढले, ६५ आणि ९० झाले. फरक पुन्हा पंचवीसच! बाईच्या शिक्षणाला एक डॉलर नाही. जी बाई स्वतः फौजेत होती (अशा साडेतीन लाखांच्या आसपास होत्या) तिला तिच्या नावावर हक्क होता. पण जी घरी थांबली, बंदुकीच्या कारखान्यात राबली, पोरं सांभाळली, ती नुसती अवलंबून.

नव्वद डॉलरमध्ये संसार आणि कॉलेज भागत नव्हतं. विद्यापीठांच्या आवारात लग्न झालेल्या शिपायांसाठी पत्र्याच्या अर्धगोल चाळी आणि चाकांवरच्या खोल्या उभ्या राहिल्या. नवरा वर्गात, बायको टायपिंगला, दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्यात. रात्री तिनंच त्याचे निबंध टाइप करायचे. चार वर्षांनी त्याला पदवी मिळायची. मग विद्यापीठं काय करायची? पदवीदानाच्या दिवसांत बायकांना गमतीचं सर्टिफिकेट द्यायची. त्यावर पी.एच.टी. असं लिहिलेलं. पुटिंग हबी थ्रू. नवऱ्याला पार पाडलं, म्हणून. कागद छापील, वर विद्यापीठाचं नाव, खाली सह्या. अनेक ठिकाणी असे कागद दिले, आणि बायकांनी ते हसत घेतले, फ्रेम करून लावले. मला ह्या कागदाचा राग त्या ५० डॉलरपेक्षा जास्त येतो. पैसा दिला नाही हे समजू शकतो, पण दिला नाही त्याची थट्टा छापून हातात ठेवली.

आता काळ्यांचं. ह्यांच्या पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली पँथर उभी राहिली, तेव्हा त्यांच्या घरात काय झालं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. कायद्यात रंगाचा एक शब्द नव्हता. सगळे शिपाई सारखे. पण कायदा राबवायचा कुणी? मिसिसिपीचा खासदार जॉन रँकिन, कट्टर गोरेवादी, त्यानं रेटून धरलं की अंमल राज्यांच्या आणि गावच्या कचेऱ्यांच्या हातात पाहिजे. झालं. आपल्याकडं समान हक्काचा कायदा दिल्लीत होतो आणि पाणवठ्यावर पाटील बसलेला असतो, तसंच. १९४७ साली मिसिसिपीच्या तेरा शहरांतला हिशेब बघितला, तेव्हा सरकारी हमीची ३,२२९ कर्जं शिपायांना दिलेली होती, घरासाठी, धंद्यासाठी, शेतीसाठी. त्यातली काळ्या शिपायांना किती? दोन. छापखान्याची चूक नाही. दोन.

त्याच राज्यात ऑक्टोबर १९४६ पर्यंत सरकारी नोकरी-कचेऱ्यांनी हजारो परत आलेल्या शिपायांना शेतीबाहेरची कामं लावून दिली. कसबी आणि निमकसबी कामांतली शंभरातली ८६ गोऱ्यांना. अंगमेहनतीच्या बिनकसबी कामांतली शंभरातली ९२ काळ्यांना. ज्यानं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या त्याच्या हातात झाडू. दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं काळ्याला घेत नव्हती, काळ्यांची कॉलेजं थोडी, लहान आणि भरलेली. तिथून पात्र माणसं परत पाठवावी लागली. पुढं अर्थशास्त्र्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की दक्षिणेत जन्मलेल्या काळ्या शिपायांच्या शिक्षणात ह्या कायद्यानं फारशी भर पडलीच नाही. मग त्याच्या बायकोचं काय बोलायचं? तिला तर ते थट्टेचं सर्टिफिकेटसुद्धा नाही.

बायकोच्या हातात शिक्षणाचा पहिला डॉलर कधी आला? नवरा मेला तेव्हा. आणि तोही लगेच नाही.

आधी पोरांना आला. २९ जून १९५६ ला आयझेनहॉवरनं युद्धात पोरकी झालेल्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला महिना ११० डॉलर, ३६ महिने. त्यात आई नव्हती. आईला पेन्शन आहे, तिला शाळा कशाला, असा हिशेब असावा. मग व्हिएतनाम पेटलं. १९६६ साली संरक्षणमंत्री मॅक्नामारानं एक योजना काढली, परीक्षेत नापास होणारी, कमी शिकलेली माणसं फौजेत घ्यायची आणि त्यांना शिकवून शहाणं करायचं म्हणे. साडेतीन लाखांच्या वर माणसं घेतली. त्यांतले शंभरातले चाळीसच्या आसपास काळे. शिक्षण फार थोड्यांना मिळालं, बंदूक बहुतेकांना. १९६८ हे अमेरिकन शिपायांसाठी त्या लढाईतलं सगळ्यात वाईट साल, एका सालात १६ हजारांवर मेले. त्याच सालच्या २३ ऑक्टोबरला कायदा बदलला, आणि मेलेल्या शिपायाची विधवा, तसंच कायमचा पूर्ण अपंग होऊन आलेल्या शिपायाची बायको, ह्यांना शिक्षणाचा पैसा लागू झाला. १९४४ पासून मोजा. चोवीस वर्षं.

ही तारीख मी मुद्दाम पाठ केली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा सरकारनं कबूल केलं की ह्या बाईलाही डोकं आहे, आणि ते शिकवलं तर ती स्वतः कमावून खाईल. पण कबूल करायला तिचा नवरा मरावा लागला, नाहीतर कायमचा खाटेला खिळावा लागला. आणि तिनं पुन्हा लग्न केलं की हा हक्क बुडायचा. नवीन नवरा आला, आता तो बघेल!

मध्ये एक वेगळी केस येते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शॅरन फ्राँटिएरो नावाची हवाई दलातली लेफ्टनंट, अलाबामात. पुरुष अधिकाऱ्याची बायको आपोआप अवलंबून धरली जायची, घरभत्ता मिळायचा, दवाखाना मिळायचा. बाई अधिकाऱ्याच्या नवऱ्यासाठी मात्र तो अर्ध्याहून जास्त बायकोच्या पैशावर जगतो असं सिद्ध करावं लागायचं. तिचा नवरा कॉलेजात शिकत होता, आणि माजी सैनिक म्हणून त्याला महिना २०५ डॉलर मिळत होते. खर्च ३५४. म्हणजे अर्ध्याहून थोडा कमी अवलंबून. अर्ज फेटाळला. ती कोर्टात गेली. १४ मे १९७३ ला सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक असा निकाल तिच्या बाजूनं दिला. त्या खटल्यात रूथ बेडर गिन्सबर्गही बोलायला उभी राहिली होती, तीच पुढं त्याच कोर्टात न्यायमूर्ती झाली. बाईच्या पगाराची किंमत पुरुषाच्या पगाराएवढीच, हे कोर्टाला सांगायला एका शिकणाऱ्या नवऱ्याचा हिशेब उपयोगी पडला. १९७३ सालीच सक्तीची भरतीही बंद झाली. आता फौजेत राहायचं की नाही हे माणूस ठरवणार, आणि माणूस घरी बायकोशी बोलून ठरवणार. सरकारला ही गोष्ट कळायला आणखी तीसेक वर्षं लागली.

जिवंत शिपायाच्या बायकोचा खरा प्रश्न बदली हा आहे. तिकडं दर दोन-तीन वर्षांनी बदली. नोकरीत रुळायच्या आत सामान बांधायचं. त्यात नर्सचं, मास्तरणीचं, केस कापणारीचं सुद्धा लायसन दर राज्याचं वेगळं. एका राज्यात नर्स, दुसऱ्या राज्यात कुणी नाही. संरक्षण खात्याच्या स्वतःच्या पाहण्यांत अनेक वर्षं ह्या बायकांची बेकारी शंभरात वीसच्या वरच राहिली.

हे वाचताना मला आमच्या वस्तीतली एक वहिनी दिसत होती. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रात्रपाळी करून सकाळी आलो की ती नळावर भेटते. नवरा हवालदार. तिनं डी.एड. केलंय, महाराष्ट्राची टीईटी पास आहे. नवऱ्याबरोबर तीन वर्षं पंजाबात राहिली, तिथं आपली टीईटी चालत नाही. परत आली तर मधली वर्षं गेलेली. बी.एड. करायचं म्हणून मदतीची काही योजना आहे का विचारायला ती एका कचेरीत गेली. कारकून म्हणाला, मालक आहेत ना? मग तुमच्यासाठी काही नाही. मला म्हणाली, "भावजी, आहेत म्हणून सांगायची लाज वाटावी असं बोलला तो." मी काय बोलणार. घरी येऊन झोपलो.

अमेरिकेत जिवंत शिपायाच्या बायकोसाठी शिक्षणाचा पैसा निघाला तो २००७-०८ च्या सुमाराला, आधी निवडक छावण्यांत प्रयोग म्हणून. मार्च २००९ पासून देशभर. योजनेचं लांबलचक नाव आहे, लोक मायका म्हणतात. आपल्या मायक्याशी त्याचा संबंध नाही, पण नाव ऐकून मला हसू आलं. प्रत्येक बायकोला ६,००० डॉलरपर्यंत. नवरा शिपाई असो की कर्नल. पैसा तिच्या कोर्ससाठी, तिच्या खात्यावर. इतकी सरळ योजना की बाया तुटून पडल्या. सरकारचा अंदाज होता महिन्याला दहा हजार अर्जांच्या आसपास. जानेवारी २०१० मध्ये सत्तर हजारांच्या आसपास आले.

आणि १६ फेब्रुवारी २०१० ला योजना बंद. आगाऊ सूचना नाही, काही नाही. कुणी फी भरायला निघाली होती, कुणाचा वर्ग पुढच्या आठवड्यात सुरू होणार होता. सरकारला धक्का कशाचा बसला? की इतक्या बायकांना शिकायचं आहे! आपल्याकडं रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की रांग लागायची आणि दुकानदार रांगेलाच शिव्या घालायचा, तसला हा प्रकार. बोंबाबोंब झाली, काँग्रेसमध्ये सुनावणी झाली, मग १३ मार्चला आधी खातं उघडलेल्या १ लाख ३६ हजारांच्या आसपास बायकांसाठी दार पुन्हा उघडलं. २५ ऑक्टोबर २०१० पासून नवे नियम. ६,००० चे ४,००० झाले, एका वर्षात २,००० च. पदवी नाही, फक्त दोन वर्षांचा कोर्स, लायसन किंवा सर्टिफिकेट. आणि फक्त खालच्या दर्जाच्या नवऱ्यांच्या बायका, म्हणजे शिपाई ते सार्जंट, आणि अधिकाऱ्यांत अगदी सुरुवातीचे.

खालच्या दर्जाला आधी द्यायचं हे मला पटतं. कर्नलच्या बायकोनं आपली फी भरावी. पण बी.ए. का नाही? खालच्यांच्या बायकांनी रक्त तपासायचं, केस कापायचे, हिशेब लिहायचे, आणि कॉलेज मात्र वरच्यांनी करायचं, हा वास आपल्या ओळखीचा आहे. आपल्या पोरांनाही आय.टी.आय. दाखवणारे समाजसेवक कमी नाहीत. आय.टी.आय. वाईट नाही, मी स्वतः हातानं खातो. पण दुसऱ्यानं माझ्यासाठी इथंच थांब म्हणावं हे वाईट. आणि त्या नियमात आणखी एक गाठ आहे. बायकोचा अभ्यासक्रम मंजूर व्हायच्या आत नवऱ्याला बढती मिळाली आणि तो ठरलेल्या दर्जाच्या वर गेला, की तिचा हक्क गेला. त्याला फीत, तिला नकार.

जिथं सरकारी फी तिथं दलाल. १९४४ नंतरच्या पाच वर्षांत तिकडं धंदेवाईक शाळा तिपटीनं वाढल्या होत्या, शिपायाच्या फीवर डोळा ठेवून. २००९ नंतर तेच. कायदा असा होता की नफा कमावणाऱ्या कॉलेजनं शंभरातले नव्वदच्या वर सरकारी विद्यार्थी-मदतीतून घ्यायचे नाहीत. पण शिपायांचा आणि त्यांच्या बायकांचा पैसा ह्या नव्वदात धरत नव्हते. म्हणून ही कॉलेजं छावण्यांच्या फाटकाशी उभी राहिली. फोनवर फोन, नोकरीच्या थापा. कोरिंथियन नावाची मोठी साखळी २०१५ ला बुडाली, आय.टी.टी. २०१६ ला. विद्यार्थ्यांच्या हातात अर्धा कोर्स. २०२१ साली कायदा झाला आणि हा पैसा नव्वदात धरला जाऊ लागला, लागू झाला २०२३ पासून. आपल्याकडं शिष्यवृत्तीच्या नावानं कागदावर कॉलेजं चालवणारे संस्थाचालक बघितलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता सगळ्यात मोठा पैसा आणि सगळ्यात बारीक अक्षरातलं कलम. २००८ साली नवा जी.आय. कायदा झाला, १ ऑगस्ट २००९ पासून लागू. ३६ महिन्यांची फी, घरभाडं, पुस्तकं. ह्यात अशी सोय केली की शिपायानं हा हक्क स्वतः न वापरता बायकोला किंवा मुलांना द्यावा. ऐकायला चांगलं. अट अशी की सहा वर्षं नोकरी झालेली पाहिजे आणि आणखी चार वर्षं राहीन असं लिहून दिलं पाहिजे. म्हणजे बायकोची फी ही नवऱ्याला फौजेत थांबवायची वेसण. (बाबासाहेबांनाही बडोद्याच्या महाराजांच्या पैशावर कोलंबियाला जाताना दहा वर्षं नोकरीचं लिहून द्यावं लागलं होतं. पण तो करार बाबासाहेबांनी स्वतः केला होता. इथं सही एकाची आणि शिक्षण दुसरीचं.) दिलेला हक्क नवरा केव्हाही परत घेऊ शकतो. ती दुसऱ्या वर्षाला असो की शेवटच्या. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलंय की घटस्फोटात हा हक्क नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता धरायचा नाही. घर वाटलं जाईल, गाडी वाटली जाईल. ज्या नोकरीपायी ती दहा गावं फिरली त्या नोकरीतून आलेलं शिक्षण मात्र त्याच्या खिशात.

मेलेल्याच्या बायकोला इथंही उशीर. २००१ च्या ११ सप्टेंबरपासून कामावर मेलेल्यांच्या मुलांना २००९ साली पूर्ण फीची शिष्यवृत्ती लागू झाली. विधवेला ती २०१४ च्या कायद्यानं, १ जानेवारी २०१५ पासून. १९५६ आणि १९६८ ची चाल पुन्हा. पोर आधी, बाई नंतर. लायसनचा तिढा ५ जानेवारी २०२३ च्या कायद्यानं बराच सुटला, एका राज्याचं लायसन बदलीच्या राज्यात चालायला लागलं. वकिलीची सनद तेवढी वगळली.

आपल्याकडं बघा. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे, अधिकारी दर्जाच्या खालच्या माजी सैनिकांची मुलं आणि विधवा ह्यांच्यासाठी, व्यावसायिक पदवीला. २०१९ पासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. शिपायाच्या लेकरांपुरती योजना म्हणून ती बरी आहे, आणि मुलीला जास्त दिले हे तर चांगलंच. पण शब्द वाचा. मुलं आणि विधवा. बायको नाही. विधवेला आज सरकारदरबारी वीरनारी म्हणतात. नवरा जिवंत असताना तिला कुठलं नाव आहे? सैनिकांच्या बायकांची कल्याण संघटना १९६६ पासून आहे, शिवण, संगणक असले वर्ग चालवते, त्यातून काहींचं भलंही झालं असेल. पण ती संघटना नवऱ्यांच्या दर्जाप्रमाणे वर-खाली बसते, आणि वर्ग म्हणजे हक्क नव्हे. तो मिळाला तर मिळाला. माझी मागणी १९४४ च्या आपल्या कागदासारखी आहे. बदलीच्या नोकरीपायी जिचं शिक्षण तुटलं तिला फी मिळावी, तिच्या नावावर, नवरा जिवंत असताना, बढती झाली तरी, काडीमोड झाला तरी. शिपायाच्या पगारात तिची मजुरी धरलेलीच असते, ती वेगळी काढून तिच्या हातात द्या.

महार रेजिमेंटमध्ये आणि इतर पलटणींत आपल्या वस्त्यांतली पुष्कळ माणसं आहेत, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडं तर घरटी. प्रत्येक जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं. ज्यांना जमेल त्यांनी तिथं जाऊन फलकावरच्या योजना उतरवून घ्याव्यात आणि तीन खाती पाडावीत: मुलांसाठी किती, विधवेसाठी किती, जिवंत शिपायाच्या बायकोसाठी किती. जाताना पलटणीतल्या घरच्या एखाद्या वहिनीला बरोबर घ्या, प्रश्न तिला विचारू द्या. यादी हातानं लिहिलेली असली तरी चालेल. पुढच्या अंकात छापू.